उताराचा दगड

सरकारनं आमचं पद बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, तरी माझ्या दोन्ही गावांत मी अजून भाऊसाहेबच आहे. दोन गावं माझ्याकडं आहेत ती काही माझ्या कर्तबगारीमुळं नाहीत. माणसं कमी आणि गावं जास्त, म्हणून एकाच्या गळ्यात दोन बांधतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी कोळगव्हाणात असतो, उरलेले तीन दिवस जोतेवाडीत. मधे बोकडी नदी. आठ महिने तिच्यात शेळ्या चरतात, त्यामुळं तिला नदी म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. पण वर डोंगराकडं पाऊस झाला की इकडं लख्ख ऊन असताना ती येते, आणि अंगावर आल्यावरच कळतं की आली. ज्यानं तिचं नाव ठेवलं त्यानं तिच्या धडका खाल्ल्या असणार.

या नदीवर दोन गावांनी मिळून पूल बांधला. कल्पना माझी, ठराव माझा, अक्षरही माझंच. त्याबद्दल तालुक्याला माझा सत्कार झाला, शाल मिळाली. पुढं जे झालं ते मात्र कुणी माझ्या नावावर लिहिलेलं नाही. म्हणून मीच लिहितोय.

पूल होण्याआधी तिथं उतार होता, म्हणजे नदी पायी ओलांडायची सपाट, खडकाळ जागा. त्या जागेच्या कडेला एक काळा दगड उभा होता, माणसाच्या गुडघ्याएवढा. त्याचं डोकं चुन्यानं पांढरं केलेलं असायचं. नियम सोपा होता. दगडाचं डोकं कोरडं असेल तर उतरा, बुडालं असेल तर मागं फिरा. बैलगाडी असो, मोटारसायकल असो, लग्नाचं वऱ्हाड असो, पलीकडं जाणारा आधी दगडाकडं बघायचा आणि कपाळाला हात लावायचा. लहान लेकराला चांदोबा दाखवतात तसा आमच्याकडं दगड दाखवायचे. दोन्ही गावांच्या आठवणीत त्या उतारावर कुणी वाहून गेलेलं नव्हतं.

दगडाची राखण बाबाजानचाचांच्या घराकडं. किती पिढ्या, ते चाचांनाही सांगता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला दगडाला चुना लावायचा, नदी आली की काठावर बसून राहायचं, आणि पाणी ओसरलं की पहिल्यांदा आपण एकट्यानं पलीकडं जाऊन यायचं. राखणदार जाऊन आल्याशिवाय दुसऱ्या कुणी पाण्यात पाय घालायचा नाही, अशी रीत. या कामाबद्दल दोन्ही गावं सुगीला त्यांच्या घरी ज्वारी पोचवायची. ज्वारी केव्हाच बंद झाली, चुना बंद झाला नाही. चाचा आता ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे गेलेत. अलीकडं चुना त्यांचा नातू परवेझ लावायचा. परवेझ तिशीतला, सडपातळ, सदा हसरा, चार वर्षांच्या सिमरनचा बाप. त्याची काळीपिवळी जीप मिरजगावच्या बाजाराला माणसं न्यायची.

माझी ही दोन गावं चौदा वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हती. शिवेवरच्या बाभळी कुणी तोडल्या, एवढ्याशा गोष्टीवरून. आणि पूल तर दोघांनाही हवा होता. कोळगव्हाणच्या मुलींना मिरजगावच्या कॉलेजला जायचं तर नदी ओलांडून जोतेवाडीवरूनच जावं लागतं. जोतेवाडीचं दूध आणि जोतेवाडीचे आजारी कोळगव्हाणला येतात, कारण डेअरी आणि दवाखाना इकडं. एका गावाच्या निधीत अर्धा पूल व्हायचा, आणि अर्धा पूल कुणी बांधत नाही. सोमवारी मी कोळगव्हाणच्या प्रोसिडिंग बुकात लिहायचो की शेजारच्या गावाच्या असहकार्यामुळं काम होऊ शकत नाही. मंगळवारी तेच वाक्य जोतेवाडीच्या बुकात. पेनही तेच. एक दिवस मला त्याचं हसू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

मी दोन्ही सरपंचांना वेगवेगळं गाठलं. कोळगव्हाणच्या सत्यशीलाताई नवऱ्याला विचारून सही करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांची मोनिका तेव्हा बारावीला होती आणि पावसाळ्यात निम्मे दिवस घरी बसत होती, त्यामुळं त्यांना फार सांगावं लागलं नाही. जोतेवाडीचे मच्छिंद्रराव मोठ्या आवाजाचे आणि मोकळ्या मनाचे, पण मानाला जपणारे. आधी त्यांनी बोलावं, मग मी जातो, असं दोघांचंही चार महिने चाललं. शेवटी संयुक्त सभा ठरली ती कोरड्या नदीत, बरोबर मधोमध, कारण दुसऱ्याच्या हद्दीत बसायला कुणीच तयार नव्हतं. सतरंज्या निम्म्या ह्यांच्या, निम्म्या त्यांच्या, चहा माझा. वित्त आयोगाचा निधी दोघांनी एकत्र करून पुलाला लावायचा, आणि मुलींना कॉलेजला नेणाऱ्या गाडीचं भाडं दरमहा निम्मं-निम्मं द्यायचं, असे दोन ठराव झाले. गाडी परवेझची. हात वर झाले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षं नोकरी केली, पण आपण काहीतरी केलं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

जमलेल्या पैशात मोठा पूल होत नव्हता, फरशी होत होती. खाली पाइप, वर सिमेंटचा सपाट रस्ता, कठडा नाही, पाणी फार झालं की वरून वाहून जाणार. नकाशा करणाऱ्या इंजिनिअरनं फरशीच्या दोन्ही तोंडांना तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब दाखवले होते, पाणी किती चढलं ते कळावं म्हणून. मच्छिंद्रराव म्हणाले, आपल्याकडं दगड असताना ते पट्ट्याचे खांब कशाला, तो खर्च दगडाला लावू. सभेत टाळ्या पडल्या. इंजिनिअरला आम्हीच कळवलं की खांब नकोत.

मग प्रश्न आला दगड बसवायचा कुठं. जुनी जागा फरशीखाली जात होती. कोळगव्हाण म्हणालं आमच्या तोंडाला, कारण राखणदार आमचा. जोतेवाडी म्हणाली आमच्या तोंडाला, कारण दगड आमच्या शिवारातल्या खाणीतला. आवाज चढले, कुणीतरी बाभळींचा विषय काढला. दोन महिन्यांपूर्वी जुळलेलं सगळं मोडणार असं दिसायला लागलं. तेव्हा मी उठून तोडगा सांगितला. दगड फरशीच्या मधोमध, कडेला, उंच चौथऱ्यावर बसवू, म्हणजे दोन्ही गावांना घरबसल्या दिसेल आणि कुणाचा मान कमी होणार नाही. सत्यशीलाताई हो म्हणाल्या. मच्छिंद्ररावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी लिहिलं, "सदर दगड सन्मानपूर्वक उंच चौथऱ्यावर बसविण्यात यावा." वाक्य मला फार आवडलं होतं.

चौथरा कमरेएवढा झाला. त्याच्या अंगावर काळ्या पॉलिशच्या दगडाची पाटी, पाटीवर दोन्ही सरपंचांची नावं एका ओळीत, कुणाचं आधी नको म्हणून. त्याखाली सदस्य. सगळ्यात खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर, माझं. गहिनीनाथ वायभासे, ठराव लेखन. ठराव लिहिणाऱ्याचं नाव पाटीवर घालत नाहीत, पण मच्छिंद्ररावांनी आग्रह केला आणि मी फारसं नको म्हटलं नाही.

मे महिन्यात उद्घाटन झालं. दगडाला हार घालायचा मान बाबाजानचाचांना दिला. परवेझनं त्यांना हाताला धरून फरशीवरून आणलं. त्यांनी हार घातला, मग खाली बसले, फरशीवर तळवा टेकवला आणि तिथून वितीवितीनं चौथरा मोजत वर गेले. लोकांना वाटलं पाया पडताहेत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"भाऊसाहेब, दगड लई वर बसला."

मी म्हणालो, चाचा, मान आहे तो.

"मानाचं खरं हाय. पर आदी दगड ज्या भुईवर हुता त्याच भुईवर मानूस चालत हुता. आता दगड हितं," त्यांनी कमरेला हात लावला, "आन् चाक तितं खाली. दगडाचं नुसतं पाय भिजाया लागलं, तवर गाडी कमरेएवढ्या पान्यात आसंल. लोक तर दगडच बगनार."

त्यांचं मागणं एवढंच होतं की फरशीपासून वीतभर वर चौथऱ्यावर तांबडी रेघ मारावी, आणि रेघ बुडाली की थांबायचं असं दोन्ही गावांत सांगावं.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. लगेच कळलं. पण मंडपात दोन्ही गावं चौदा वर्षांनी एका पंगतीला जेवत होती. दगड चुकीचा बसला असं म्हणायचं तर तो कुठं बसवायचा हे परत निघणार, आणि परत बाभळी निघणार. मी चाचांना म्हणालो, पुढच्या संयुक्त सभेत विषय घेतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परवेझ ऑफिसात आला. हातात तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश. आजोबांनी हेका धरलाय, म्हणाला, रेघ मारल्याशिवाय जेवत नाहीत. मारू का? मी त्याला समोर बसवलं. हो म्हटलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. मी विचार केला की दोन्ही गावांच्या सामाईक वस्तूवर ठरावाशिवाय रंग लावला तर कुणीतरी म्हणणार, राखणदार कोळगव्हाणचा म्हणून कोळगव्हाणनं लावला. आणि खरं सांगायचं तर ती रेघ माझ्या नावावरूनच गेली असती, ते मला रुचलं नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं, "अरे, फरशी चढली तसा दगडही चढला. माप तेच आहे. आजोबांचं वय झालंय."

परवेझचा चेहरा मोकळा झाला. त्याला तेच ऐकायचं होतं. शिकलेल्या माणसानं सांगितलं की बरं असतं, असं काहीतरी म्हणाला आणि डबा घेऊन घरी गेला. खिडकीतून मी त्याला जाताना पाहिलं. हाक मारावी असं वाटलं होतं. मारली नाही.

पुढं संयुक्त सभा लागली की मोडायची. आधी निवडणुकीची आचारसंहिता, मग पेरण्या, मग कोरम नाही. मी प्रत्येक वेळी विषयपत्रिकेत शेवटी विषय क्रमांक सात घालत होतो, "उताराच्या दगडाच्या चौथऱ्यावर पातळीची रेघ मारणेबाबत". सातव्या विषयापर्यंत पोचण्याआधी सभाच होत नव्हती. मनाशी म्हणायचो, आपण लिहून ठेवलंय. लिहून ठेवलं की काम निम्मं झालं, असं आम्हा लोकांना वाटतं.

दरम्यान गाडी सुरू झाली. अकरा मुली सकाळी साडेसातला कोळगव्हाणहून निघायच्या आणि चारच्या सुमाराला परत यायच्या. मोनिका बी.एस्सी.ला गेली. दोन मुलींची ठरलेली लग्नं आईबापांनी पुढं ढकलली, हे मला कुणीतरी मुद्दाम येऊन सांगितलं. तालुक्याला शाल मिळाली ती याच दिवसांत. दुसऱ्या तालुक्यांतले लोक आमचा ठराव बघायला आले, त्याच्या झेरॉक्स घेऊन गेले. उंच चौथऱ्याचं वाक्यही त्यात होतं.

ऑगस्टमध्ये दोनदा फरशीवर पाणी आलं, घोट्याएवढं. मी काठावर उभा राहून मुद्दाम बघत होतो. माणसं येत होती, मान वर करून दगडाकडं बघत होती, कपाळाला हात लावून पाण्यात शिरत होती. पाटीकडं, चौथऱ्याकडं, चाकाखालच्या पाण्याकडं एकाचीही नजर गेली नाही. सत्यशीलाताई स्कूटीवरून आल्या, थांबल्या, दगडाकडं पाहिलं आणि निघाल्या. मला बघून हसल्या, म्हणाल्या की भाऊसाहेब, बघा, डोकं कसं कोरडं. मी त्या संध्याकाळी पुढच्या सभेची नोटीस काढली आणि विषय क्रमांक सात उचलून पहिला केला. सभा दोन्ही गावांच्या सोयीनं सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारी ठरली.

नदी त्याआधीच्या सोमवारी आली.

दुपारी कोळगव्हाणच्या ऑफिसात होतो. बाहेर ऊन होतं, समोरच्या अंगणात कुणाचे तरी उडीद वाळत होते. सव्वातीनला सहादेवचा फोन आला. सहादेव वरच्या अंगाच्या गावाचा ग्रामसेवक, माझ्यासारखाच दोन गावं सांभाळणारा. त्याच्याकडं पहाटेपासून ढगफुटीसारखा पाऊस लागला होता, तलावाचा सांडवा पुरुषभर उंचीनं वाहत होता. तुमच्याकडं तासाभरात येईल, म्हणाला. मी घड्याळ बघितलं आणि परवेझला फोन लावला. लागला नाही. परत लावला, नाही. दहा-बारा वेळा लावला असेल. मोटारसायकलला किक मारली, ती सुरू होईना. चौथ्या की पाचव्या किकला सुरू झाली तेव्हा खिशात फोन वाजला. परवेझच होता.

मी विचारायच्या आधी तोच बोलायला लागला. "पानी आलंय, भाऊसाहेब. म्या जोतेवाडीच्या काटावर हाय. फरशीवरनं जातंय, पर दगड कोरडा हाय."

मी ओरडून सांगितलं की दगडाकडं बघू नको, गाडी मागं घे, मुलींना घेऊन जोतेवाडीच्या शाळेत थांब.

"पोरी उतरवल्यात समद्या. आदी म्या एकला येऊन जातो, मग त्यांला आनतो. आमच्या घरची रीतच हाय ती."

मी म्हणालो, परवेझ, दगड उंच बसलाय, ऐक माझं.

तो हसला असावा. "तुमीच सांगितल्तं न्हवं, फरशी चढली तसा दगडबी चढला म्हून."

पुढं नुसता पाण्याचा आवाज, आणि फोन बंद.

ऑफिसपासून नदी दीड किलोमीटर. मी कसा गेलो मला आठवत नाही. काठावर पोचलो तेव्हा समोर फरशी नव्हतीच. काठापासून काठापर्यंत गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी, जोरात चाललेलं. मधोमध चौथरा, त्यावर दगड, पांढरं डोकं उन्हात चमकत होतं. त्याला थेंबही लागलेला नव्हता. मी पाटी शोधली. वरची ओळ दिसत होती, सत्यशीलाताई आणि मच्छिंद्रराव. त्यांच्याखाली सदस्यांची दोन नावं. खालची सगळी पाण्यात. माझं नाव तर केव्हाच बुडालेलं होतं.

पलीकडं रस्त्याच्या चढावर अकरा मुली एका रांगेत उभ्या होत्या, दप्तरं छातीशी धरून. जीप पाण्याच्या तोंडाशी होती. मी दोन्ही हात हलवले, ओरडलो, अंगातला शर्ट काढून फिरवला. परवेझनं मला पाहिलं. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोटानं दगड दाखवला. काळजी करू नका असं सांगत होता तो मला.

जीप पाण्यात शिरली. पंचवीस-तीस पावलं बरोबर आली. पाणी दारापर्यंत आलं तेव्हा ती क्षणभर थांबली आणि मला वाटलं तो मागं घेतोय. तेवढ्यात तिचं मागचं अंग उचललं गेलं. अगदी सावकाश ती आडवी झाली, चौथऱ्याला एकदा घासली आणि फरशीच्या कडेवरून खाली गेली. पलीकडं एक मुलगी किंचाळली. दगड हललाही नाही.

परवेझ मंगळवारी सापडला, चार किलोमीटर खाली, बंधाऱ्याच्या दारांत अडकलेल्या काट्याकुट्यात. त्याची आई हमिदाभाभी दारात बसली होती. ती रडत नव्हती. सिमरनला मांडीवर घेऊन ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती की गाडीत दुसरं कुणी नव्हतं ना. नाही म्हटलं की मान हलवायची आणि थोड्या वेळानं परत तेच विचारायची. मी तिथं तासभर उभा होतो. मला कुणी काही म्हटलं नाही. उलट मी शर्ट काढून फिरवला हे दोन्ही गावांत पोचलं होतं. भाऊसाहेबांनी फार प्रयत्न केला, असं लोक माझ्यासमोरच एकमेकांना सांगत होते.

बुधवारची सभा रद्द करावी असं कुणी सुचवलं नाही. कोरमची अडचण तर आता नव्हतीच, दोन्ही गावं झाडून आली होती. जोतेवाडीच्या मारुतीच्या मंडपात सभा झाली. कोळगव्हाणची माणसं जोतेवाडीच्या हद्दीत बसली, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. परवेझच्या नावानं दोन मिनिटं उभे राहिलो. सत्यशीलाताई बोलायला उठल्या. माझी मोनिका, एवढंच म्हणाल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या की राखणदाराच्या घरानं आणि दगडानं आपल्या अकरा पोरी वाचवल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागून कुणीतरी म्हणालं, दगड अजून खरा आहे.

मच्छिंद्ररावांनी ठराव मांडला. परवेझच्या नावाचा स्तंभ दगडाशेजारी उभारावा, आणि दोन्ही गावांचा मान म्हणून दगडाचा चौथरा आणखी दोन हात उंच करावा, म्हणजे केवढंही पाणी आलं तरी दगड झाकणार नाही. ते बोलताना खरोखर रडत होते. सूचक मच्छिंद्रराव, अनुमोदक सत्यशीलाताई. सगळे हात वर झाले. चौदा वर्षांत आणि नंतरही या दोन गावांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.

मी उभा राहिलो. सांगायचं होतं की दगडानं कुणाला वाचवलं नाही, दगडानंच मारलं, आणि त्याला वर मी चढवला. तोंडातून निघालं ते असं, की विषय क्रमांक एक, चौथऱ्यावर पातळीची रेघ मारणेबाबत. शेजारचा सदस्य माझा हात दाबून हळूच म्हणाला, भाऊसाहेब, आज नको ते. मी खाली बसलो. माझी मला इतकी लाज वाटली की समोरची अक्षरं दिसेनात.

बाबाजानचाचा खांबाला टेकून बसले होते. माणसं उठायला लागली तेव्हा ते माझ्याजवळ आले, काठी टेकत, आणि प्रोसिडिंग बुकाकडं बघत राहिले.

"रंगाचा डबा घरी हाय," ते म्हणाले. "त्याला आता ठराव लागंल का, भाऊसाहेब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. नदी पुन्हा घोट्याखाली आली होती, फरशी वाळलेली होती, चौथऱ्याच्या एका कोपऱ्यावर जीपचा पिवळा रंग घासून राहिला होता. चाचांनी तिकडं पाहिलं नाही. ते फरशीवर बसले, तळवा टेकवला आणि वीत धरून जागा दाखवली. डब्याचं झाकण गच्च बसलेलं होतं, परवेझनं लावलेलं. ते उघडायला मला बराच वेळ लागला. रेघ बरोबर माझ्या नावावरून गेली. मी दोनदा ब्रश फिरवला, नाव पूर्ण झाकेपर्यंत.

शेवटचा हात मारत होतो तेव्हा जोतेवाडीकडून कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो आला. चौथऱ्याशी येऊन ड्रायव्हरनं वेग कमी केला. चाचांनी काठी उचलून त्याला रेघ दाखवली. त्याला वाटलं म्हाताऱ्यानं सलाम केला. त्यानं मान वर करून दगडाकडं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि निघून गेला. रेघेकडं त्यानं पाहिलंच नाही.